जुनी थार घेतलीस? आधी खाली वाकून बघ

पहिलीच गाडी आणि तीही फोर बाय फोर, छान. पण मोठे टायर आणि दिवे नंतर. आधी गाडी रॅम्पवर चढव आणि चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, बघ. आपल्याकडे कोकणात खारा वारा पत्रा खातो. खालून ताजा काळा रंग दिसला की मला तरी संशयच येतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक, बद्द आवाज आला तर आतून गंज आहे.

इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलचं (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचे गिअरचे डबे) तेल शेवटचं कधी बदललं, हे आधीच्या मालकालाही आठवत नसतं. सगळं बदल. डिफरन्शियलमधून दुधाळ चहासारखं तेल निघालं तर आत पाणी शिरलंय. तापलेला डिफरन्शियल वहाळाच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. म्हणून ब्रीदरची, म्हणजे डिफरन्शियलला हवा आत-बाहेर करू देणारी, नळी मोकळी हवी. मी एकदा हे टाळलं, बेअरिंगं गेली. पाण्यातून आलास की प्रोपेलर शाफ्टच्या (डिफरन्शियलकडे ताकद नेणारा दांडा) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस मार.

फोर व्हील महिन्यातून एकदा तरी टाक, नाहीतर लिव्हर अडकतो. पण कच्च्या रस्त्यावर; कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

आणि दापोलीजवळच्या कर्द्याच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालायची हौस आवर. खारं पाणी लागलंच, तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धू.