यवतमाळकडच्या शेतघरी कोंबडी-मटण स्मोक करायला पेलेट स्मोकर (भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळून त्यांच्या धुरावर मांस शिजवणारं यंत्र) घ्यावा का? बॉयलरचे पेलेट त्यात चालतील का?

बॉयलरचे पेलेट अजिबात वापरू नका, आणि इन्व्हर्टर नसेल तर पेलेट स्मोकरही घेऊ नका. आपल्याकडचे बॉयलरचे पेलेट बहुतेक पऱ्हाटी, तुराटी, सोयाबीनच्या कुटाराचे असतात. कपाशीवर हंगामभर फवारण्या होतात. त्या पऱ्हाटीचा धूर मांसाला लागू देणं मला धोक्याचं वाटतं. खाण्यासाठीचे, निव्वळ कठीण लाकडाचे पेलेटच हवेत.

विजेचं असं, की या यंत्रात पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू, पंखा आणि पेटवणारी कांडी, सगळं विजेवर चालतं. पेटताना पहिली काही मिनिटं साधारण 300 वॅट लागतात, नंतर 50 च्या आसपास. म्हणजे घरातला साधा इन्व्हर्टर पुरतो. पण मध्येच वीज गेली तर पंखा थांबतो, आच बसते आणि विस्तव कधीकधी स्क्रूच्या नळीत मागे सरकतो.

घेताना एवढं पाहा:
- यंत्र 230 व्होल्टचं आहे ना. अमेरिकेतलं 120 व्होल्टचं असतं, थेट लावलं तर जळतं.
- पेलेट नियमित कुठून मिळणार, हे आधी ठरवा.
- पावसाळ्यात पेलेट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. ओल लागली की फुगून भुसा होतो आणि स्क्रू जाम होतो.

कोंबडी 110 ते 120 अंश सेल्सिअसवर ठेवा. आतलं तापमान 74 झालं की काढा. गावरान असेल तर वेळ जास्त लागेल. वीज रोजच जात असेल, तर लोखंडी ड्रममध्ये बाभळीचा कोळसा आणि आंब्याच्या वाळल्या लाकडाचे तुकडे हेच बरं.