तिशीच्या आत एक कोटी हवेत, तर बारावीनंतर कोणतं कॉलेज घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: सीईटीवर सरकारी कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळेल, पण कॉम्प्युटर हवं तर खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोटा आणि 15 लाखांचं कर्ज. वयाच्या तिशीपर्यंत एक कोटी जमवायचे आहेत, तर काय घ्यावं?

ईएनटीसी घ्या. कारण हिशेबात आहे. बाविसाव्या वर्षी नोकरी लागली आणि वर्षाला 10 टक्के परतावा धरला (तोही खात्रीचा नाही), तर आठ वर्षांत कोटी व्हायला दरमहा सुमारे 68,000 बाजूला पडायला हवेत. 40,000 टाकले तर साधारण 59 लाख होतात. 15 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता 19,800च्या आसपास, आणि शिकतानाच्या काळातलं व्याज साचतं ते वेगळं. म्हणजे सुरुवातीची महत्त्वाची वर्षं बँकेलाच जातात.

प्लेसमेंटच्या जाहिरातीतलं 'हायेस्ट पॅकेज' बघूच नका, ते एका पोराचं असतं. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची (कॉलेजांच्या सरकारी क्रमवारीची) पीडीएफ असते, ती उघडा. त्यात किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि मीडियन पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. मीडियन म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. मात्र हा आकडा सगळ्या शाखांचा एकत्र असतो. शाखेचा वेगळा हवा असेल तर लिंक्डइनवर त्याच शाखेच्या फायनल इयरच्या दोन-तीन मुलांना गाठा आणि एवढंच विचारा: सॉफ्टवेअर कंपन्या ईएनटीसीला बसू देतात का, आणि सीजीपीएची अट किती? बॅकलॉग (राहिलेला विषय) असला की बऱ्याच कंपन्या दारातूनच परत पाठवतात. शाखेपेक्षा पोरं इथेच जास्त अडकतात.

ऑफर आली की सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाला, 12ने भागू नका. कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग), कधी कधी जॉइनिंग बोनससुद्धा त्यात धरलेला असतो. ईसॉप (कर्मचाऱ्यांना मिळणारे कंपनीचे शेअर) असतील तर ते बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात येतात, पहिल्या वर्षाआत सोडलंत तर शून्य. कंपनी लिस्टेड नसेल तर शेअर विकायचे कुणाला, हा प्रश्न उरतोच. त्यांना हिशेबात धरू नका.

कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरताना गेल्या वर्षीच्या कटऑफच्या नव्हे, आवडीच्या क्रमाने पर्याय टाका. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ म्हणजे पक्की होते, पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद. तेव्हा 'बघू तरी' म्हणून वर काही टाकू नका.