११ महिन्यांच्या बाळाच्या मनावर खरंच आघात होतो का, की मोठं झालं की ते विसरून जातं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ११ महिन्यांची असताना ऑपरेशनसाठी सोळा दिवस हॉस्पिटलात होती. आता पावणेदोन वर्षांची आहे. रात्री किंचाळत उठते, उताणं निजवलं की ताठ होते, आणि घरातले म्हणतात, "एवढ्याशा पोरीला काय कळतंय, विसरेल." त्यात पुढच्या महिन्यात त्याच हॉस्पिटलात तपासणीला न्यायचंय, म्हणून तुमचा जीव टांगणीला लागलाय.

होतो आघात. तुम्हाला जे दिसतंय ते मनाचे खेळ नाहीत. मी डॉक्टर नाही, इंदूरला लोकमान्यनगरात राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. पण "विसरेल" हा शब्द मीही वर्षभर ऐकला आणि त्यावर विसंबून राहिले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा मुलगा १५ महिन्यांचा असताना त्याने टेबलक्लॉथ ओढला आणि वाफाळत्या चहाचे दोन कप त्याच्या डाव्या हातावर नि छातीवर सांडले. मी हाताच्या अंतरावर होते. (भाजल्यावर साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं असतं. टूथपेस्ट नाही, हळद नाही. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.) मग तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आईवडिलांनी दाराबाहेर थांबायचं असा तिथे नियम होता. आई दिसली की पोरं जास्त रडतात, असं सिस्टर म्हणाल्या, आणि तेही मनापासून. पहिले चार वेळा त्याच्या रडण्याचा आवाज बाहेर येत होता. पाचव्या वेळी आला नाही. सिस्टर त्याला घेऊन बाहेर आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "आज तो बिल्कुल राजा बेटा बनकर रहा." मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. कडेवर घेतला तर त्याने माझ्या गळ्यात हातही टाकले नाहीत. मला वाटलं, दमलाय बिचारा.

हात बरा झाला. डाग आहे, पण दोन्ही हातांनी चेंडू झेलतो. बाकीचं मात्र तसंच राहिलं. रात्री तीनतीनदा उठायचा. तेल लावायला पाटावर निजवलं की अंग लाकडासारखं करायचा, मांडीवर घेतलं तर चालायचं. जावळ काढताना न्हाव्याने गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं तेव्हा असा ओरडला की शेवटी अर्धंच जावळ काढून परतलो. "जावळाला सगळीच पोरं रडतात," असं सगळे म्हणाले. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

मग आली दिवाळी. तो दोन वर्षं दोन महिन्यांचा. माझे यजमान पुण्याला नणंदेकडे फराळाचं पार्सल पाठवायला खोकं बांधत होते, आणि त्यांनी रुंद चिकटपट्टी रिळावरून खेचली. चर्र असा आवाज झाला. मुलगा शेजारीच शेवेच्या पुडीशी खेळत होता. तो रडला नाही. पुडी हातात तशीच राहिली, डोळे भिंतीवर, श्वास धरलेला, आणि चड्डी ओली झाली. मी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखा. दुसऱ्यांदा पट्टी खेचल्यावर डावा हात हळूच पोटाशी घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं: ड्रेसिंगची जुनी पट्टी उपटतानाचा आवाज.

हे असं कसं होतं? "तेव्हा असं झालं" अशी शब्दांत सांगता येणारी आठवण साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो, आणि तो पहिली काही वर्षं अजून घडत असतो. म्हणून तर आपल्यापैकी कुणालाही पहिल्या वाढदिवसाचं काही आठवत नाही. भीतीची नोंद ठेवणारा अमिग्डाला मात्र त्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेला असतो. त्यामुळे प्रसंग सांगता येत नाही, पण त्यातला वास, आवाज, उताणं दाबून धरणं हे अंगात राहतं. अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी १९८८ मध्ये अशा २० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्यावर पाच वर्षांच्या आत काही भयंकर गुजरलं होतं आणि त्याचा पुरावा होता. अगदी लहानपणी आघात झालेल्यांना तो शब्दांत नीट सांगता येत नव्हता, पण त्यांच्या खेळण्यात नि वागण्यात तोच प्रसंग उमटत होता. १९९७ मध्ये कॅनडातल्या संशोधक ॲना टॅडिओ यांनी दाखवलं की जन्मल्यानंतर भूल न देता सुंता केलेली बाळं चारसहा महिन्यांनी लस टोचताना इतर मुलग्यांपेक्षा जास्त कळवळतात. त्या बाळांना काय आठवत असणार? पण अंगाने हिशेब ठेवला होता.

आणि इथे आम्हा इंदूरकरांच्या अभिमानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतसुद्धा नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी जुजबी भूल देऊन होत, कारण त्यांना वेदना नीट जाणवतच नाहीत असं मानलं जाई. स्नायू सैल करणारं औषध दिलं की बाळ हलत नाही, म्हणजे झालं. ही समजूत ज्यांनी मोडली ते डॉ. कंवलजीत सिंह आनंद आमच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजातून शिकून ऑक्सफर्डला गेले. ऑपरेशनहून परतलेली अपुऱ्या दिवसांची बाळं इतकी का ढासळतात, हे त्यांनी रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकांवरून तपासलं. नेहमीच्या भुलीसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीराने कमी ताण घेतला, त्यांच्यात गुंतागुंतही कमी झाली. हे १९८७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. घरातलं कुणी "बाळाला काय कळतंय" म्हणालं की मी आता हेच सांगते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या पाचव्या ड्रेसिंगबद्दल कळलं तेव्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या हॉस्पिटलांत जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्यांनी आईपासून तोडलेली लहान मुलं जवळून पाहिली. मूल आधी आकांत करतं, मग खचून जातं, आणि शेवटी गप्प होतं. आई आली तरी तिच्याकडे वळत नाही. वॉर्डातले लोक याला "रुळलं" म्हणत. रॉबर्टसन म्हणाले, हे रुळणं नाही. आई दिसल्यावर रडणारं मूल अजून आशेवर असतं. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीनेच आईवडिलांना केव्हाही मुलाजवळ येऊ द्यावं अशी शिफारस केली. आणि मी मात्र त्या शांतपणाबद्दल हात जोडले होते!

दिवाळीनंतर एका बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी कान तपासायला लावले, बोलणं-चालणं वयाप्रमाणे आहे का ते पाहिलं. हे तुम्हीही करून घ्या, कारण दचकण्याला आणि ताठ होण्याला दुसरी कारणंही असू शकतात. मग त्यांनी खोलीत कापडी हत्ती, कापसाचा बोळा आणि पट्टीचा तुकडा ठेवला. पहिल्या दोन खेपा त्याने तिकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या खेपेला हत्तीला उताणं निजवलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि दाराकडे बोट करून मला म्हणाला, "आई भायेल." भाजलं तेव्हा त्याला जेमतेम चार शब्द येत होते, त्यांत "बाहेर" नव्हता.

मी रडणार होते. डॉक्टरांनी डोळ्यांनीच खूण केली आणि हत्तीला सांगितलं, "आईला बाहेर जावं लागलं. तुला आई हवी होती. आता आई आत येणार आहे." मी हत्तीजवळ जाऊन बसले. तो खेळ आम्ही पुढे घरी किती वेळा खेळलो याची गणती नाही. शेवट प्रत्येक वेळी तोच, आई आत येते. आपण मुद्दाम प्रश्न विचारून उकरायचं नाही, "तुला तिथे मारलं का रे?" वगैरे तर मुळीच नाही. खेळ त्याचा, आपण फक्त सोबत.

खरं काम सासूबाईंनी केलं. दृष्ट काढणाऱ्या त्याच सासूबाई. त्यांनी डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि रोज रात्री त्याला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला लागल्या: एक होतं बाळ, त्याच्यावर सांडला गरम चहा, हाताला झाला बाऊ, डॉक्टरकाकांनी पट्टी बांधली, बाळ रडलं, आई दाराबाहेर होती, मग आई आली, बाळाला उचललं, घरी आणलं, हात बरा झाला. रोज हीच, याच शब्दांत. एखादं वाक्य गाळलं तर तो थांबवायचा. दीडेक महिन्याने "आई दाराबाहेर होती" इथे आला की तो स्वतःच पुढे म्हणायचा, "मग आली!" झोप आधी सुधारली. चिकटपट्टीला पुरं वर्ष लागलं, तीही त्याने एक दिवस स्वतःच्या हाताने ओढून पाहिली. आता तो पाच वर्षांचा आहे.

घाबरवायचा हेतू नाही. प्रत्येक रडणं आघाताचं नसतं. वर्षादीड वर्षाचं मूल आईला चिकटतंच, परक्याला पाहून तोंड लपवतंच. हॉस्पिटलात राहिलेली बरीच मुलं घरी आल्यावर नेहमीची माणसं, नेहमीच्या वेळा आणि भरपूर मांडी मिळाली की आपोआप सावरतात. पण त्रास महिन्यापेक्षा जास्त टिकला, येत असलेले शब्द गेले, खाणं तुटलं, किंवा मूल असं गोठत असेल तर वाट पाहू नका. २०१३ पासून मानसोपचारातल्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीतही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आघातोत्तर तणावाचे वेगळे निकष आहेत, म्हणजे हे कुणा हळव्या आईने काढलेलं खूळ नव्हे. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का विचारा. आणि तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. आई भेदरलेली असेल तर मूल तिच्याच चेहऱ्यावर वाचतं.

आता पुढच्या महिन्याचं. गुपचूप नेऊ नका. आदल्या संध्याकाळी साध्या शब्दांत सांगा: उद्या डॉक्टरांकडे जायचं, ते पोट बघतील, आई पूर्ण वेळ जवळ असेल. आणि जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. सुई असेल तर "दुखणार नाही" म्हणू नका, "थोडं दुखेल, मी धरून ठेवीन" म्हणा. तिची पांघरायची दुलई न धुता तशीच न्या, घरचा वास असतो तिला. आधी फोन करून डॉक्टरांना विचारा की मांडीवर बसवूनच तपासाल का. बहुतेक तपासण्या तशा होतात, आणि अंगावर पीत असेल तर सुईच्या वेळी पाजत ठेवा. लसीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये हेच सांगितलं, की बाळाला आईने धरावं आणि अंगावर पाजावं. कुणी "तुम्ही बाहेर थांबा" म्हणालं तर आवाज न चढवता "मी इथेच उभी राहते" म्हणा आणि जागा सोडू नका. ती रडेल. रडू द्या, तुमच्या खांद्यावर रडते आहे.

घरी आल्यावर त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका. दुपारी तिला बाहुली नि कापूस द्या आणि शेजारी बसून राहा.