इझमीरच्या दफ्तरातले ‘अ‍ॅव्हरेज’

प्रश्न असा: १८७०-८० च्या दशकांतले तुर्कस्तानातल्या इझमीर बंदरातल्या ब्रिटिश कॉन्सुलचे (परदेशी बंदरातला सरकारी प्रतिनिधी) जहाजविषयक कागद वाचताना ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ सारखे भेटते, ‘सर्वसाधारण सरासरी’ म्हणावे का?

मुळीच नाही. हे भाषांतर दिसले की डोके उठते. इथे सरासरीचा काडीचा संबंध नाही. ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे नुकसानी.

वादळातून सुटलेला कप्तान बंदराला लागला की रिवाजाप्रमाणे २४ तासांत कॉन्सुलपुढे ‘प्रोटेस्ट’ (नुकसान आपल्या चुकीने झाले नाही, अशी औपचारिक तक्रार) नोंदवी. मग लॉगबुकाच्या आधारे सविस्तर जबानी, मेट (कप्तानाचा दुय्यम) आणि एखाद-दुसऱ्या खलाशाची शपथ. मेख एकच: डोलकाठी तुटली की तोडली? वादळाने तुटली तर भुर्दंड एकट्या जहाजमालकाला, ते ‘पर्टिक्युलर’. सगळ्यांच्या बचावासाठी कुऱ्हाडीने तोडली तर ‘जनरल’, सगळ्यांनी वर्गणी काढायची. आधीच मोडून लोंबणारी कापली तर मात्र १८७७ च्या यॉर्क-अँटवर्प नियमांत (अशी वर्गणी कशी वाटायची याचे आंतरराष्ट्रीय नियम) त्याला वर्गणी नाही. जबानीत क्रियापद चुकले की दावा बुडालाच.

हिशेब पाहा. जहाज ६,००० पौंडांचे, मालवाहतुकीचे भाडे २,०००, माल १२,०००. त्यातले १,००० चे अंजीर समुद्रात फेकले. एकूण २०,०००, म्हणजे वर्गणी ५ टक्के. अंजीरवाल्यालाही ५० भरावे लागतात, हाती ९५०. फेकलेला माल बेरजेतून वगळणे ही नेहमीची चूक. तसे केले तर बुडालेल्याला पुरे १,००० मिळतात आणि वाचलेल्यांनाच तोशीस.

आता खरी गंमत. अरबीत ‘अवार’ म्हणजे खोट, मालातला दोष. त्यावरून जिनोआच्या व्यापाऱ्यांनी ‘अवारिया’ केले, फ्रेंचांनी ‘अवारी’, इंग्रजांनी ‘डॅमेज’च्या चालीवर शेपूट लावले. त्याच धातूतून ‘अअवर’, म्हणजे एकाक्ष. आणि ‘अवरा’, म्हणजे झाकण्याजोगे अंग. फारसीतून आलेली आपली ‘औरत’ हीच! म्हणजे गाडीचे अ‍ॅव्हरेज आणि औरत सख्खी भावंडे. नुकसान प्रमाणात वाटायचे, म्हणून पुढे ‘सरासरी’ हा अर्थ चिकटला. ‘सरासरी’ स्वतः फारसी, ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचे या कुळाशी नाते नाही.

काही जुने इंग्रज कोशकार हा शब्द सरंजामी वेठीच्या ‘अवेरागियम’वरून काढतात. शेतावरच्या गाडीबैलांची वेठ भूमध्य समुद्रातल्या मालावर कशी चढली, हे त्यांनाच ठाऊक. इटालियन बंदरांतला शब्द इंग्लंडच्या शेतात शोधणे म्हणजे हद्द झाली.

तेव्हा ‘जनरल’ला सामायिक नुकसानी लिहा, ‘पर्टिक्युलर’ला एकेरी नुकसानी. फक्त माल चढवल्याच्या पावतीवर ‘प्रायमेज (भाड्यावरचा छोटा वरकड आकार) अँड अ‍ॅव्हरेज’ अशी जोडी दिसली तर नुकसानीही लिहू नका. तिथे ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे वाटाड्याची फी वगैरे किरकोळ बंदरखर्च अभिप्रेत असतो.