लिफ्टमध्ये रेंज नसते, तरी फोन बाहेर येतो

प्रश्न: ताई, माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावी. घोडबंदर रोडला राहतो आम्ही. रात्री एक-एक वाजेपर्यंत इन्स्टा चालू, आणि माणसं म्हटलं की नको. कोणाचा फोन आला तर वाजून वाजून बंद होऊ देते आणि मग मेसेज टाकते, काय काम होतं म्हणून. पाहुणे आले की आतल्या खोलीचं दार लावून घेते. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या की लगेच फोनमध्ये डोकं, आता आमच्या लिफ्टमध्ये रेंजसुद्धा नसते! क्लासच्या सरांशीही मलाच बोलावं लागतं. गेल्या महिन्यात ह्यांनी चिडून फोन काढून घेतला तर दोन दिवस धड जेवली नाही. फोनमुळेच झालंय ना हे सगळं?
– एक आई, ठाणे

उत्तर: तुमचं ते लिफ्टचं वाक्य मी दोनदा वाचलं. रेंज नाही म्हणजे रील नाही, मेसेज नाही, मग ती बघते तरी काय? काही नाही हो. काकूंनी 'काय गं, किती टक्के पडतील?' विचारू नये म्हणून आडोसा धरते. (काकूंनाही दुसरा प्रश्न सुचत नाही, ते सोडा.)

लोक आपल्याला जोखतायत, आपण काहीतरी बावळटासारखं बोलू, ही भीती साधारण तेराव्या वर्षाच्या आसपासच डोकं वर काढते, फोन असो वा नसो. पण प्रसंग टळला की हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी भीती अजून वाढते. पूर्वी टाळणं इतकं सोपं नव्हतं, वाण्याकडे जाऊन तोंड उघडावंच लागायचं, आता रिक्षासुद्धा न बोलता दारात येते.

फोन अगदी निर्दोष आहे असंही नाही. स्टोरी टाकायची, कोणी कोणी बघितली मोजायचं, 'सीन' करून मैत्रिणीने उत्तर दिलं नाही की रात्रभर तेच. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य डॉक्टरांनी, 2023 मध्ये इशारा दिला होता, त्यात 12 ते 15 वयाच्या मुलांचा एक अभ्यास आहे, रोज तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्यांमध्ये चिंता, नैराश्याची लक्षणं दिसण्याचा धोका दुप्पट. म्हणजे भीतीमुळे फोन आणि फोनमुळे भीती, दोन्ही चालू असतं.

म्हणून हिसकावू नका. आडोसा काढला, भीती तिथेच राहिली. त्याऐवजी क्लासच्या सरांना तुम्ही फोन करणं थांबवा. लगेच नाही, आधी छोटं काहीतरी, भाजीवाल्याकडे तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि कोथिंबीर तिने मागायची. अडखळेल, तुमच्याकडे बघेल, तरी तुम्ही बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे! चार-पाच वेळा जमलं की मग एकटी, मग फोनवर आजीशी, मग सर.

शाळा, क्लास बुडायला लागलं, जेवण-झोप बिघडलेलीच राहिली तर मात्र थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आपल्या मनोरुग्णालयातही तपासून घेता येतं. 'ठाण्याला पाठवा' हा जोक आपण ठाणेकरांनी जन्मभर ऐकलाय म्हणून तिथे पाऊल टाकायला संकोच वाटतो, मला माहितीये, पण दवाखानाच आहे तो.

आणि रात्री अकरानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. ह्यांचाही.