मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये लायसन्स नसेल तर लॉगिनच बंद होणार म्हणतात, मग सगळ्यांना फुल लायसन्स घ्यायचं का?

लगेच घेऊ नका. आधी रोल (म्हणजे कोणाला काय काय करायची परवानगी आहे ते) साफ करा, मग किती लायसन्स लागतात तो आकडा काढा, पार्टनरशी (लायसन्स विकणाऱ्या कंपनीशी) बोलणं त्यानंतर.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ईआरपी (हिशोब, खरेदी, स्टॉक यांचं सॉफ्टवेअर) सांभाळतो, आमच्याकडे डायनॅमिक्स ३६५ चं फायनान्स आणि सप्लाय चेन दोन्ही आहे. तुम्ही लिहिलंय की यूजर नव्वद, लायसन्स पंचेचाळीस, लोकांना स्क्रीनवर मेसेज यायला लागलेत आणि पार्टनर म्हणतो उरलेली पंचेचाळीस फुल घेऊन टाका. अगदी हेच आमच्या बाबतीत झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इतकी वर्षं काय चालायचं, तर यूजर बनवला, रोल दिला, माणूस कामाला लागला. लायसन्स त्याच्या नावावर आहे की नाही हे लॉगिन करताना कोणी बघतच नव्हतं, तो हिशोब फक्त कागदावर. आता रोल आणि लायसन्स यांची जुळणी सिस्टीमच करते. आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण लायसन्स कुठलं लागणार हे माणूस दिवसभर काय काम करतो यावर ठरत नाही, त्याच्या रोलमध्ये काय काय करायची परवानगी आहे यावर ठरतं. प्रत्येक मेनू आयटमवर (मेनूतून उघडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर) दोन खुणा असतात, नुसतं बघायला कुठलं लायसन्स आणि बदल करायला कुठलं, आणि त्या माणसाच्या सगळ्या रोलमध्ये मिळून जी खूण सगळ्यात वरची तेच त्याला लागतं. जर्नल (हिशोबाची नोंद) त्याने जन्मात पोस्ट केलं नसेल, पण परवानगी आहे ना, मग फायनान्स लागलंच.

आमच्या स्टोअरच्या काकांचं उदाहरण देतो. कोणाला कुठलं लायसन्स लागतं त्या रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढे फायनान्स आणि सप्लाय चेन दोन्ही. मला काही केल्या कळेना की हे कसं, म्हणून एक दिवस सकाळीच त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. ट्रकवाल्याने चलन दिलं, काकांनी पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर टाकला, रिसीट केली, बिन (माल ठेवायची जागा) टाकला, लेबल काढलं, आणि शेजारच्या रजिस्टरमध्ये हातानेसुद्धा लिहिलं (ती सवय सुटायची नाही आणि मी सोडवायलाही गेलो नाही). मधे प्रॉडक्शनवाला येऊन बेअरिंग किती शिल्लक विचारून गेला, त्यांनी ऑन-हँड बघून सांगितलं. तीन तासांत स्क्रीन उघडल्या चार. फायनान्स आलं कुठून तर गो-लाइव्हच्या (सिस्टीम पहिल्यांदा चालू झाली त्या) वेळी त्यांचा यूजर आधीच्या इनचार्जचा कॉपी करून बनवलेला, आणि ते इनचार्ज त्या काळी व्हेंडरची बिलंही स्वतःच पास करायचे. ते रिटायर झाले, रोल मात्र काकांच्या नावावर तसाच चालू.

त्यांना फक्त लागेल तेवढाच रोल बनवून दिला, तर रिपोर्टमध्ये ते फुलपेक्षा कमी परवानग्यांच्या, स्वस्त अ‍ॅक्टिव्हिटी लायसन्सवर आले. पण दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे, म्हणाले, साहेब, माझं काही चुकलं का, अधिकार काढून घेतले म्हणे. मला फार वाईट वाटलं. आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, रोल बदलायच्या आधी त्या माणसाशी पाच मिनिटं बोला, कारण लोकांना ते लायसन्स दिसत नाही, आपल्यावरचा भरवसा कमी झाला असं दिसतं. आणि एक जुनं लेबल परत काढायची परवानगी आमच्याकडून चुकून कापली गेली होती, तेही त्यांनीच दाखवलं, त्यामुळे पुढचे सगळे रोल आधी टेस्टमध्ये त्या त्या माणसाकडून चालवून घेतले.

आता पैशाचं. ऑक्टोबर २०२४ पासून फायनान्स किंवा सप्लाय चेनचं फुल लायसन्स यादीच्या भावाने माणशी महिना २१० डॉलर, अ‍ॅक्टिव्हिटी ५०, टीम मेंबर ८. म्हणजे दहा माणसं जरी फुलवरून अ‍ॅक्टिव्हिटीवर आली तरी महिन्याला १,६०० आणि वर्षाला १९,२०० डॉलर वाचले, डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी १६ लाखांच्या वर. नुसते रिपोर्ट बघणारे, आपली रजा-खर्च टाकणारे बहुतेक टीम मेंबरमध्ये बसतात. ज्याला खरंच दोन्ही मॉड्यूल लागतात त्याचं दुसरं लायसन्स अटॅच भावाने ३० डॉलरला मिळतं, कोटेशनमध्ये ते दोनदा २१० लावलेलं नाही ना ते नीट बघा. शॉप फ्लोअरवर किंवा गोडाऊनमध्ये एकाच टर्मिनलवर तीन पाळ्यांची माणसं काम करत असतील तर डिव्हाइस लायसन्सचा हिशोब करून बघा, ७५ डॉलरला एक टर्मिनल, मग त्यावर माणसं किती बसतात ते मोजत नाहीत.

कोणीतरी तुम्हाला सुचवेलच की एक आयडी बनवू आणि तिघं मिळून वापरतील. करू नका. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, आणि मधे एक्सेल किंवा दुसरं अ‍ॅप लावून पलीकडून दहा जणांनी डेटा टाकला तरी त्याने लायसन्सची संख्या कमी होत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे आणि ऑडिटरला त्यावर रिपोर्ट द्यावा लागतो, तिथे तिघांच्या एका आयडीवर एंट्री कोणी बदलली हे तुम्ही काय सांगणार?

आमची खरी चूक झाली ती घाईची. आमच्या तेव्हाच्या पार्टनरने रिन्यूअलच्या आठवड्यात घाबरवलं आणि आम्ही पंचवीस फुल लायसन्स वर्षाच्या करारावर घेऊन टाकली. हे क्लाउडचे करार असे असतात की घेतल्यापासून सात दिवसांत काय कमी करायचं ते करा, नंतर वाढवता येतात पण कमी करता येत नाहीत. महिनाभराने रोल साफ झाले तेव्हा त्यातली अठरा नकोच होती, तरी वर्षभर पैसे भरले.

रिपोर्टसाठी फीचर मॅनेजमेंटमधून यूजर सिक्युरिटी गव्हर्नन्स चालू करा, त्यात लायसन्स यूसेज समरी मिळेल, आणि पॉवर प्लॅटफॉर्मच्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये लायसन्सिंगखालीही चित्र दिसतं. पहिल्यांदा सोडून गेलेले लोक बंद करा, आमच्याकडे असे नऊ निघाले. मग ज्यांच्या नावापुढे दोन-दोन लायसन्स दिसतात ते घ्या. आणि लायसन्स विकत घेणं वेगळं, मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅडमिन सेंटरमधून त्या माणसाच्या नावावर लावणं वेगळं. आमच्याकडे पैसे भरलेली सहा लायसन्स कोणालाच लावलेली नव्हती आणि तिकडे माणसांना मेसेज येत होते.

रोल बदलायला महिन्याची ११ आणि २० तारीख सोडून दिवस घ्या, जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटीच्या रिटर्नच्या धावपळीत अकाउंट्सवाल्यांचं लॉगिन अडकलं तर तुमची खैर नाही. मार्च एंडही सोडा, आमच्याकडे नवरात्राचे नऊ दिवसही सोडावे लागतात कारण संध्याकाळी सहानंतर टेस्ट करायला माणूस मिळत नाही.

तुमच्यासाठी चेकिंग नक्की कधीपासून लागू होतंय ती तारीख पार्टनरकडून मेलवर लेखी घ्या, फोनवरची नको. रिपोर्ट काढलात की दोन लायसन्सवाले किती आणि त्यांचे रोल कुठले तेवढं कळवा, काय कापता येईल ते मी बघून सांगतो.