वाचकांचे प्रश्न : समुद्रकाठी तंबूतला मुक्काम

प्रश्न : आमचे पाच जणांचे कुटुंब असून त्यांत चार आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत. समुद्रकिनाऱ्यालगतच्या कॅम्पसाइटवर तीन रात्री तंबूत राहण्याचा बेत आम्ही पहिल्यांदाच आखत आहोत. चांदणे मिळावे म्हणून पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडले आहेत आणि पाण्याच्या सर्वांत जवळच्या रांगेतील जागा राखून ठेवण्याचा विचार आहे. ही निवड योग्य आहे का?

उत्तर : दोन्ही गोष्टींचा मोह पडणे स्वाभाविक आहे, तरीही दोन्हींचा फेरविचार करावा असे मी सुचवेन. किनाऱ्यावरच्या मुक्कामाची आखणी करताना आधी भरती-ओहोटी पाहावी आणि मगच जागा, सामान व प्रवास यांच्याकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, सूर्य-चंद्रांची ओढ एकमेकींना पूरक ठरते आणि त्या दिवशी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते. म्हणजे ज्या रात्री आपण चांदण्यासाठी निवडल्या आहेत, त्याच रात्री पाणी किनाऱ्यावर सर्वांत वर चढणार. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा चढउतार कमी असतो. अर्थात पौर्णिमा टाळलीच पाहिजे असे नाही. उधाणात ओहोटीही खूप मागे जाते आणि मुलांना खेळायला ओल्या वाळूचा ऐसपैस पट्टा मिळतो. मात्र पौर्णिमा निवडायची तर तंबू त्या हिशेबाने मागे हवा.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. दुपारी चार वाजता पूर्ण ओहोटी असताना आपण पोहोचलात, तर समोरचा विस्तीर्ण किनारा पाहून जागा सुरक्षित वाटेल. पण रात्री दहाच्या सुमारास, मुले झोपलेली असताना, तिथेच भरतीचे पाणी येईल. काही समुद्रांत दिवसातून एकच भरती येते. काही ठिकाणी पाणी अर्धा मीटरही चढत नाही, तर कॅनडातील फंडीच्या उपसागरात ते 16 मीटरपर्यंत चढते. म्हणून जवळच्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहण्याला पर्याय नाही. त्यातील उंची सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेली असते, आपल्या तंबूच्या जमिनीपासून नव्हे, आणि त्यात हवामानाचा परिणाम धरलेला नसतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वाढते आणि जमिनीकडे वाहणारा जोराचा वारा त्यात आणखी भर घालतो.

प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर शेवाळ, काटक्या आणि शिंपले यांची पाण्याने आणून टाकलेली रेषा शोधावी. ओलसर, ताजी रेषा ही फक्त शेवटच्या भरतीची असते. तिच्याही वर पूर्ण वाळलेली, जुनी रेषा दिसते, ती मोठ्या भरतीची. त्या रेषेच्या पलीकडे, जिथे वर्षानुवर्षांची झुडपे टिकून आहेत, त्यांच्या मागे तंबू असावा. झुडपांवर किंवा वाळूच्या टेकड्यांवर मात्र तो ठोकू नये, कारण तिथली मुळेच वाळू धरून ठेवतात. नदीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा आणि कड्याचा पायथा या दोन्ही जागा कितीही सुंदर दिसल्या तरी सोडून द्याव्यात. पहिल्या जागी पाणी मागून वळसा घालते, तर दुसऱ्या जागी परतीची वाट बंद होते आणि वरून दगडही पडू शकतात.

पुढच्या रांगेविषयी म्हणाल, तर तिथे देखावा मिळतो आणि त्याबरोबर वारा, उडती वाळू व खारा ओलावाही मिळतो. लहान मुलांसह मी झाडांच्या किंवा वाळूच्या उंचवट्याच्या आडोशाची मागची रांग घेईन. जागा राखण्यापूर्वी स्वच्छतागृह किती दूर आहे, जमीन वाळूची की मुरुमाची, आणि पिण्याचे पाणी तिथे मिळते का, एवढे व्यवस्थापकांना विचारून घ्यावे. पाणी मिळत नसेल तर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज किमान चार लिटर पाणी बरोबर न्यावे.

प्रश्न : मागील खेपेस रात्री वाऱ्याने आमच्या तंबूच्या खुंट्या उपटल्या. अधिक जड खुंट्या घ्याव्यात का?

उत्तर : वजनाने फारसा फरक पडणार नाही. कोरडी वाळू बारीक खुंटीला धरून ठेवत नाही. तिथे लांब आणि रुंद पात्याच्या खुंट्या लागतात. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे कापडी पिशवीत वाळू भरून तिला ताणाचा दोर बांधावा, ती हातभर खोल पुरावी आणि वरची वाळू पायाने घट्ट दाबावी. पिशवी नसेल तर जाड लाकूड दोराला आडवे बांधून पुरले तरी चालते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे संध्याकाळी पुरेसा वाटलेला दोर मध्यरात्री का अपुरा पडतो ते कळते.

दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो. रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. एकदा मी समुद्राकडच्या बाजूचेच दोर नीट बांधून निर्धास्त झोपलो होतो आणि पहाटे तंबू मागच्या बाजूने उचलला गेला. तेव्हापासून चारही बाजू सारख्याच बांधतो.

प्रश्न : पाऊस नसतानाही सकाळी तंबू आतून ओला होता. तंबू सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. निरभ्र रात्री तंबूचे कापड भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि आपल्या श्वासातील व समुद्राकाठच्या दमट हवेतील बाष्प त्यावर जमते. थंडी वाजते म्हणून झरोके बंद केले की ओल वाढतेच, तेव्हा ते समोरासमोर उघडे ठेवावेत आणि ओले कपडे आत वाळत घालू नयेत. मिठाचाही यात वाटा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतून पाणी ओढू लागते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे आणि कापड तिथे कधीच पुरते वाळत नाहीत. घरी परतल्यावर तंबू, विशेषतः त्याच्या चेन आणि धातूच्या दांड्या, गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात.

प्रश्न : शेकोटी वाळूने झाकून विझवली तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. झाकलेले निखारे वाळूखाली तासन्‌तास तापलेले राहतात आणि वरून काहीच दिसत नसल्याने सकाळी अनवाणी धावणारे मूल नेमके तिथेच पाय ठेवते. परवानगी असेल तरच शेकोटी पेटवावी आणि ती भरपूर पाण्याने विझवावी. समुद्राचे पाणीही चालते. वारा कितीही असला तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

प्रश्न : रात्री किनाऱ्यावर फिरताना मोठा टॉर्च वापरण्यास मनाई का असते?

उत्तर : जिथे समुद्री कासवे अंडी घालतात, तिथे ही मनाई असते. अंड्यातून बाहेर पडलेली पिले उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, चालू लागतात. कृत्रिम प्रकाश दिसला की ती उलट दिशेला जातात. आवश्यकच असेल तर मंद लाल दिवा वापरावा आणि तोही जमिनीकडे वळवलेला असावा. मुलांनी दिवसा खणलेले खड्डेही संध्याकाळी बुजवून टाकावेत, कारण त्यांत पडलेल्या पिलाला बाहेर येता येत नाही.